नणंदबाई आणि नाव न सांगायचं स्टेशन

आमच्या नणंदबाईंइतकी काळजी करणारी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि त्या ज्याची काळजी करतात त्याची काळजी करणारं माणूस तर साऱ्या महाराष्ट्रात नसेल. त्यांना जुन्या रेल्वे स्टेशनांची काळजी असते. रेल्वेची नव्हे. गाड्या चार तास उशिरा धावोत, रद्द होवोत, त्याचं त्यांना सुखदुःख नाही. त्यांचा जीव अडकलेला असतो इमारतीत. दगडात, चुन्यात, कमानीत, छपराखालच्या सागवानी लाकडात. लोक गाडीत बसतात ते पोचण्यासाठी. नणंदबाई बसतात ते वाटेतली स्टेशनं खिडकीतून तपासण्यासाठी, आणि प्रत्येक स्टेशन मागे पडलं की एक सुस्कारा टाकून म्हणतात, "आहे अजून."

माझ्या यजमानांच्या या थोरल्या बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, परतूरला एकट्या राहणाऱ्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. आम्ही नवीन जालन्यात, मी बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला. मी त्यांना आक्का म्हणते. आक्कांचा फोन बहुधा माझी पोळी तव्यावर असताना येतो. "अगं, दुसऱ्या कमानीच्या डोक्यावर काही तरी हिरवं दिसून राह्यलं. पिंपळच असंल. मला तर घास उतरंना." मी विचारते, कुठल्या स्टेशनची कमान? त्यावर त्या अशा गप्प होतात, की जणू मी घरातल्या माणसाचं आडनाव विचारलं.

कारण स्टेशनं त्यांना सगळीच प्रिय असली तरी त्यांचं असं एक आहे. आमच्याच लाइनीवर, निजामाच्या काळात बांधलेलं. आसपासची वस्ती पाहिली तर एवढी मोठी इमारत इथे कुणी आणि का बांधली असेल असं वाटावं. कापसाच्या दिवसांत म्हणे तिथे पाय ठेवायला जागा नसायची. काळ्या दगडाच्या पाच कमानी, ओतीव लोखंडाचे खांब, आणि मधोमध प्रवाशांना बसण्याचा उंच हॉल, ज्याच्या छपराकडे बघताना डोक्यावरचा पदर पडतो. त्या स्टेशनचं नाव मी इथे लिहीत नाही. आक्कांनी तशी ताकीदच दिली आहे. त्यांचं म्हणणं असं, की नाव छापून आलं की कुणाच्या तरी नजरेत भरणार, नजरेत भरलं की साहेब लोक येणार, आणि साहेब लोक आले की काही ना काही पाडल्याशिवाय जाणार नाहीत. तेव्हा वाचणाऱ्यांनी ओळखलं तरी मनात ठेवावं.

पिंपळाचं तर एक प्रकरणच आहे. जुन्या इमारतीचा खरा वैरी म्हणजे भिंतीत उगवणारा पिंपळ. बोटाएवढं रोप असतं तोवर कुणी बघत नाही, आणि मनगटाएवढं झालं की दगड उचकटून टाकतं. त्यामुळे दिसलं रोप की उपटायचं, हा आक्कांचा नियम. पण आम्ही बौद्ध. पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष. तो उपटायचा तरी कसा, आणि उपटलाच तर फेकायचा कुठे? आक्कांनी यावर तोड काढली. त्या रोपाला आधी हात जोडतात, "इथं न्हाई, बाबा, दुसरीकडं चल," असं समजावतात, मुळासकट अलगद सोडवतात आणि घरी आणून कुंडीत लावतात. परतूरच्या त्यांच्या गच्चीवर सध्या पिंपळाचं रान माजलं आहे. त्यांच्याकडे कुणी पाहुणा गेला की ओटीत नारळ पडो न पडो, निघताना हातात एक पिंपळ पडतो. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत तीन पिंपळ आहेत आणि सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्याकडे संशयाने बघतात.

पुण्याच्या मुलाने एकदा आईला हौसेने मुंबई दाखवायला नेलं. समुद्र, राणीची बाग, सगळं ठरवून. आक्का बोरीबंदरच्या त्या थोर इमारतीसमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. दगडात कोरलेली जनावरं, पाखरं, पानंफुलं एकेक करून पाहिली. पोलिसाने दोनदा हटकलं. दुपार झाली, मुलगा म्हणाला, आई, समुद्र राहिला. आक्का म्हणाल्या, "समुद्राला काय होतंय? तो उद्याबी तिथंच हाय. याची हमी कोण देतंय, सांग." समुद्र राहिलाच. पण मुंबईहून आल्यावर त्या आनंदात होत्या असं कुणी समजू नये. महिनाभर त्यांना एकच घोर होता, एवढ्या नक्षीत बसणारी धूळ पुसतं कोण?

हैदराबादला आमच्या नात्यात लग्न होतं तेव्हा आम्ही सगळे काचीगुड्याला उतरलो. आक्कांनी स्टेशनचे घुमट पाहिले आणि आम्हाला बॅगांसकट समोरच्या रस्त्यावर उभं केलं. पाऊस पडल्यावर घुमटांवरचं पाणी कुठून खाली येत असेल हे त्यांना कळेना, आणि कळल्याशिवाय त्या हलेनात. पन्हळ शोधत त्या इमारतीला वळसा घालून आल्या, मग आणखी एक. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा जेवणाच्या पंगती उठल्या होत्या आणि नवरी निघायच्या बेतात होती. नवरीच्या आईने रुसून विचारलं, आता आलात? आक्का तिचा हात धरून म्हणाल्या, "राग मानू नका, पन पाण्याची वाट सापडली." ती बाई अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

हे सगळं हसण्यावारी जात होतं तोवर बरं होतं. एका दुपारी मला ऑफिसात फोन आला, की तुमच्या घरच्या एक बाई रेल्वे पोलिसांनी बसवून ठेवल्या आहेत. मी साहेबांना काय सांगितलं मला आठवत नाही. रिक्षा, मग मिळाली ती गाडी. झालं होतं ते असं. भिंतीला भेग पडली की ती वाढते आहे का हे बघायची एक साधी रीत असते. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्हीकडून चिकटवायची. भेग हलली तर काच तडकते. आक्कांनी हे कुठल्याशा बांधकामावरच्या मिस्त्रीकडून शिकून घेतलं आणि त्या स्टेशनच्या भिंतींवर ठिकठिकाणी काचा चिकटवून त्याखाली पेन्सिलीने तारखा लिहून ठेवल्या. सरकारी इमारतीवर कुणी तरी अनोळखी वस्तू चिकटवतंय, वर तारखा टाकतंय, म्हटल्यावर पोलिसांनी घाबरायचं नाही तर काय करायचं?

मी पोचले तेव्हा आक्का खुर्चीवर बसून दाराच्या वर बघत होत्या. हवालदार मला सांगत होता, मॅडम, यांना समजावा, हा गुन्हा होतो. आक्कांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रडतील. त्या हळूच म्हणाल्या, "तो चौकटीवरचा दगड बघ. सरकलाय. हे लोक त्याच्याखालून दिवसभर ये-जा करून राह्यले. मी सांगितलं तर म्हन्तात, गप बसा." स्टेशन मास्तर बिहारकडचा तरुण होता, त्याने मध्यस्थी केली. "माताजी, आइंदा मत चिपकाइए," एवढंच म्हणाला आणि चहा मागवला. काचा मात्र त्याने काढायला लावल्या नाहीत. पुढे मला कळलं, की तो स्वतःच येता-जाता त्या बघायचा.

त्याच मास्तरने एक दिवस त्यांना सांगितलं, की स्टेशन नवीन करायची योजना आली आहे. मोठी पार्किंग, चकचकीत दर्शनी भाग, सरकता जिना. कमानी राहतील बहुधा. बसायचा जुना हॉल आणि मालाचं गुदाम जाईल. पुढच्या आठवड्यात हॉलच्या भिंतीवर लाल रंगाची फुली उमटली.

आक्का त्या दिवशी थेट आमच्याकडे जालन्याला आल्या. पिशवीत एक साडी आणि मापांच्या चार वह्या. हॉलची लांबी, रुंदी, उंची, दगडांचे थर, लाकडांची जाडी, सगळं गणिताच्या बाईंच्या अक्षरात. त्यांनी अर्ज लिहायला घेतले. सकाळी एक, दुपारी एक. जेवायला बसल्या की दोन घास खाऊन उठायच्या. रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. माझे यजमान वैतागून म्हणाले, "आक्का, नवीन होऊन राह्यलं तर होऊ दे की. लोकांची सोय व्हईल. जुनं ते जुनंच."

आक्कांनी पेन खाली ठेवलं. "तू लहान व्हतास," एवढंच म्हणाल्या आणि वही उघडून बसल्या. हसणं तिथं संपलं. मला त्यांच्यासाठी भीती वाटायला लागली. हॉल पडला तर या बाईचं काय होईल, या विचाराने मी ऑफिसात चुकीच्या पार्ट्यांना चुकीची बियाणी पाठवली.

मग कळलं, की एक मोठे इंजिनियर साहेब पाहणीला येणार आहेत. अर्धा तास थांबणार. आक्कांनी भाषण तयार केलं, माझ्यासमोर चारदा म्हणून दाखवलं. लोडबेअरिंग म्हणजे छपराचा भार पेलणारी भिंत, चुन्याचं आयुष्य, सागवानाची ताकद. मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. साहेब आले, बरोबर सात-आठ माणसं, नकाशे, मोबाईल. मास्तरने पुढे होऊन आक्कांची ओळख करून दिली. आक्कांनी फाईल उघडली, आणि वाऱ्याने सगळे कागद हॉलभर पसरले. मी आणि मास्तर गोळा करायला वाकलो. आक्का जागच्या जागी उभ्या. भाषणातला एक शब्द त्यांच्या तोंडातून फुटेना.

साहेब चांगल्या घरचे होते. घड्याळ न बघता म्हणाले, "बाई, आम्ही बघतो सगळं. पण एक विचारू? तुम्ही रेल्वेत नव्हता, इथं राहत नाही. तुमचं यात काय आहे?"

आक्का म्हणाल्या, "माझा बाप पहिल्यांदा हितं बसला."

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. मग त्या बोलत गेल्या, छपराकडे नाही, खाली फरशीकडे बघत. "आमचं गाव आष्टीकडं. गावात माझ्या बापाला चावडीची पायरी चढायची सोय नव्हती. पाराच्या दगडावर बसायची नव्हती. कुठंबी गेला की उभा. सरकीच्या कारखान्यात कामाला जालन्याला निघाला तवा गाडी धरायला हितं आल्ता. उन्हात भाईर उभा व्हता. आत लोक बसल्यालं दिसत व्हतं, पन आत कसं जावं? तिकिटाचा बाबू भाईर आला, मुसलमान व्हता. म्हन्ला, टिकट है ना? फिर अंदर बैठो. बाप म्हनायचा, मी बसलो आन वाट बघत राह्यलो, कोन ऊठ म्हनतंय. कुनीच न्हाई म्हनलं."

साहेबांच्या माणसांपैकी कुणीतरी मोबाईल खिशात ठेवला.

"मंग आम्ही झालो. बाप आम्हाला दोन-चार महिन्यांतून एकदा हितं आनायचा. पुढच्या स्टेशनाची तिकिटं काढायचा, आम्हाला ओळीनं बसवायचा. गाडी यायची, जायची. आम्ही कुठंच जात न्हवतो. बसायचो आन घरी यायचो. तिकिटं त्याच्या मुठीत असायची, घामानं वली व्हायची. मला वाटायचं, समद्यांचे बाप असंच करतेत."

साहेबांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. हॉलमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच. "हे तुमच्या अर्जात आहे?"

"न्हाई. हे कसं लिव्हावं?"

"लिहा," साहेब म्हणाले. "असंच लिहा. मापं आमच्याकडे आहेत." आणि ते पुढच्या खोलीकडे गेले.

शंभर अर्ज लिहिलेल्या आक्कांना तो एक अर्ज लिहिता येईना. चार दिवस त्या कोऱ्या कागदासमोर बसल्या. शेवटी मी पेन घेतलं, त्या सांगत गेल्या. अर्धं पान झालं. खाली सही करताना त्यांनी आपल्या नावाबरोबर बापाचं नाव घातलं, सासरचं नाही. रात्री मी यांना विचारलं, तुम्हाला हे आठवतं का? हे पांघरूण सारून उठून बसले. म्हणाले, "मला फक्त तिथल्या भज्यांचा वास आठवतो. आक्काच्या मांडीवर असायचो." आणि दुसऱ्या दिवशी अर्ज रजिस्टर पोस्टाने टाकायला स्वतः गेले.

उत्तर आलं नाही. महिने गेले. आक्का परतूरला परतल्या होत्या. आता त्यांचे फोन कमी झाले होते आणि मला ते फार वाईट वाटत होतं. पोळी तव्यावर असताना मीच फोनकडे बघायचे. मग एका सकाळी त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "मशीन आलंय म्हन्तात तोडायचं. मास्तरची बदली झाली, पन त्यानंच फोन करून कळवलं. माझ्याच्यानं जावत न्हाई. तू जाऊन ये."

दर आठवड्याला भिंती तपासायला जाणारी बाई त्या दिवशी घराबाहेर पडू शकली नाही. मी सकाळची पॅसेंजर धरली. स्टेशन यायच्या आधीच खिडकीतून धुळीचा लोट दिसला आणि मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले. उतरले तर समोर गुदाम भुईसपाट. रेल्वे कर्मचाऱ्यांची दोन क्वार्टर्स गेलेली. मशीन दगडांच्या ढिगात दात घालत होतं. आणि त्या धुळीपलीकडे हॉल उभा होता. लाल फुलीवर कुणीतरी चुना फासला होता, पण फुली खालून दिसत होती. मी मुकादमाला विचारलं, याचं काय? तो म्हणाला, "याला हात लावू नका म्हन्ले."

"कोण म्हणालं?"

"साहेब. कागद आल्ता वरून."

आमच्या अर्ध्या पानामुळे आला, की खर्च वाचवायला आला, की नकाशात काही बदललं म्हणून आला, ते मला आजही माहीत नाही. मास्तरलाही नाही. त्याची तोवर बदली झाली होती आणि नवीन मास्तर नुसताच हसला. मी तिथूनच फोन लावला.

"उभा आहे, आक्का."

"कौलं?"

"कौलं काढलीत. पत्रे टाकणार आहेत."

"आन आतलं लाकूड?"

"आहे. सगळं आहे."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. श्वास ऐकू येत होता. मी फोन कानाला लावून तशीच धुळीत उभी राहिले.

काम पुरं झाल्यावर मी त्यांना तिथे घेऊन गेले. फार चांगलं झालं आहे असं मी म्हणणार नाही. दगडी भिंतींना आतून पिवळा ऑइलपेंट मारला आहे. आक्का दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "दगडाला श्वास घेता येणार न्हाई आता. वलं धरंल." सागवानाला तपकिरी रंग, त्यावर पंख्यांच्या वायरी. जुनी लाकडी बाकडी गेली, स्टीलच्या भोकाभोकाच्या खुर्च्या आल्या. खाली इतक्या गुळगुळीत टाइल्स, की आक्कांनी माझा दंड धरला. मला वाटलं, आता वही निघेल, आता एकेक दोष सांगतील, संध्याकाळी परत अर्ज लिहायला बसू.

त्या बसल्या. हॉल भरलेला होता. कुणी ऊसतोडीहून परतलेलं कुटुंब गाठोडी मांडून बसलं होतं, दोन कॉलेजच्या मुली एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून होत्या, एक म्हातारा पायताणं काढून मांडी घालून शेंगा सोलत होता. पलीकडची बाई तान्हं मूल घेऊन आली, तर आक्का न बोलता सरकल्या. परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. मी काहीतरी बोलत होते, पत्रे चांगल्या जाडीचे वाटतात असं काहीतरी. उत्तर येईना म्हणून पाहिलं, तर त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली होती. गाडीत, बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, या बाईचा इतक्या वर्षांत बसल्या जागी डोळा लागलेला मी कधी पाहिला नव्हता. तोंड जरासं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. एवढ्या गडबडीत गाढ झोपल्या होत्या.

गाडीची घोषणा झाली. लोक उठले, गाठोडी उचलली, हॉल रिकामा होत गेला. तान्ह्या मुलाच्या आईने जाता जाता खुणेने विचारलं, उठवू का? मी मानेनेच नको म्हटलं. गाडी आली, थांबली, गेली. पुढची दोन तासांनी होती. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण मी हात हलवला नाही.